बाबुळी

अंजनगाव सुर्जीला जाणारा शहाणा माणूस इंग्रजांशी झालेल्या तहाचे गाव पाहायला जातो, देवनाथ मठाच्या दर्शनाला जातो, नाहीतर व्यापारी असला तर पानपिंपरीचा भाव काढायला जातो. मी गेल्या वर्षी पितृपक्षात तिथे गेलो, तो एक विहीर बुजवावी की बुजवू नये याचा निकाल द्यायला.

झाले असे, की एका रविवारी सकाळी माझ्या आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. "आईले तूच समजाव. तू शिकलेला मानूस, तुह्यं आयकते ते." संध्याकाळी आत्याचा फोन आला. "त्याले तूच समजाव बापू. शिकल्या-सवरल्याचं आयकते तो." मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. गेली वीस वर्षे माझे कोणी ऐकत असल्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही पक्षांनी मला न्यायाधीश नेमलेले पाहून मी सुखावलो आणि पुण्याहून निघालो.

रात्रीचा प्रवास करून सकाळी मूर्तिजापूरला उतरलो. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत याच स्टेशनावर आम्ही मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसत असू. ती छोटी गाडी म्हणजे वऱ्हाडची लाडकी 'शकुंतला'. मूर्तिजापूर ते अचलपूर ही ७६ किलोमीटरची अरुंद रुळांची वाट. किलिक निक्सन या विलायती कंपनीने वऱ्हाडचा कापूस वाहून नेण्यासाठी ही लाइन बांधून घेतली. १९९४ पर्यंत तिला वाफेचेच इंजिन होते. गाडी इतक्या सावकाश जाई, की खाली उतरून, बोरे तोडून पुन्हा डब्यात चढणारी मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत. आता ती बंद आहे. रुळांवर बाभळी उगवल्या आहेत. तिची आठवण काढीत मी दर्यापूरमार्गे जाणाऱ्या एस. टी.त बसलो.

हा प्रवास पाण्याच्या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मूर्तिजापूर सोडले की पूर्णेचे खोरे लागते. हा खारपाणपट्टा. जमीन काळीभोर, कसदार, पण विहीर खणावी तर पाणी खारट. इथल्या कित्येक पिढ्यांनी गोड्या पाण्यासाठी पावसाकडे आणि नदीकडे डोळे लावले. दर्यापूर मागे टाकून उत्तरेकडे सरकावे तसतसा सातपुड्याचा निळा कणा वर येऊ लागतो. पाणी गोड होते, संत्र्यांच्या बागा दिसू लागतात. डोंगरातून उतरलेली शहानूर नदी आणि तिच्या आधाराने वसलेली अंजनगाव आणि सुर्जी ही जुळी गावे आली, की प्रवास संपतो.

गाव तसे मोठे इतिहासप्रसिद्ध. १५ डिसेंबर १८०३ रोजी जवळचा गाविलगड इंग्रजांनी घेतला आणि ३० डिसेंबरला याच गावी दौलतराव शिंद्यांच्या वतीने तह झाला. इंग्रजांच्या बाजूने होता आर्थर वेलस्ली, पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. गंगा-यमुनेच्या दुआबातला मुलूख, भडोच, अहमदनगर असे काय काय त्या एका कागदाने गेले. पण गावात फिरताना तहाची आठवण कोणाला येत नाही. आठवण येते ती पानमळ्यांची. शेवरी-पांगाऱ्यांच्या दाट सावलीत चढवलेले नागवेलीचे वेल, त्यांच्यामधून संथ झुळझुळणारे पाट आणि आत शिरताच अंगावर येणारा गारवा. बाहेर वऱ्हाडी ऊन आणि आत जणू दुसरा ऋतू! बारी समाजाच्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या जपलेली ही विद्या. औषधात लागणारी पानपिंपरीही याच सावलीत पिकते. दोन्ही पिके पाण्याची मोठी लाडकी. त्यामुळे जिथे पानमळा तिथे विहीर, हे ठरलेलेच.

आत्याच्या घरामागची विहीर अशाच एका पानमळ्याची. पानमळा आतोबांच्या पश्चात मोडला. त्या जागी घरे उठली. विहीर तेवढी राहिली. काळ्या दगडाची बांधणी, एका अंगाला उतरत्या पायऱ्या, दुसऱ्या अंगाला मोटेचे बैल मागे-पुढे करायचे त्या धावेची मोकळी बाजू. पावसाळा सरताना पाणी चौथ्या-पाचव्या पायरीला लागे. लहानपणी आम्ही काठावर पालथे पडून त्यात आपापली तोंडे पाहत असू.

या वेळी मी काठाशी गेलो आणि पाहतच राहिलो. विहिरीत पाणी नव्हते. म्हणजे असणार, पण दिसत नव्हते. काठापासून काठापर्यंत पोपटी रंगाची एकसंध, गुळगुळीत चादर अंथरली होती. नुकत्याच कापलेल्या हिरवळीसारखी. तिच्यावर एक वाळके पान पडले होते आणि तेही जमिनीवर पडल्यासारखे स्वस्थ होते.

"सुंदर दिसतेय की!" मी बोलून गेलो.

"हेच त्या लेकराले वाटलं," दादा म्हणाला.

मग सारा प्रकार कळला. आठ दिवसांपूर्वी दादाचा पाच वर्षांचा नातू चेंडू खेळत होता. चेंडू पायऱ्यांवरून घरंगळत त्या हिरवळीवर जाऊन बसला. चेंडू बुडाला नाही, हालला नाही. पोराने पाच पायऱ्या उतरून हिरवळीवर पाय टाकला. शेजारची बाई धुणे वाळत घालीत होती, तिने धावत येऊन दंड धरला म्हणून पोर वाचले. चादर फाटली होती ती मिनिटाभरात पुन्हा मिटली, असे ती बाई सांगत होती.

त्या दिवसापासून दादाने मुरूम टाकणाऱ्याशी बोलणे लावले होते. विहीर बुजवायची आणि वर गाडीसाठी पत्र्याची शेड घालायची. यात त्याचे काय चुकले? नळ आल्यापासून या विहिरीला कोणी घागर लावली नव्हती.

आत्या ब्याऐंशी वर्षांची. ओसरीवर बसून वाती वळीत होती. ती म्हणाली, "सासरी आल्यावर पयली घागर याच इहिरीतून भरली. बाहत्तरच्या दुस्काळात सारी गल्ली या इहिरीवर जगली. तवा कोनं म्हटलं नाई, बुजवा म्हणून."

"आई, तवा ते इहीर होती. आता हिरवं डबकं हाय," दादा म्हणाला. "लेकरू गेलं असतं तर?"

आत्या गप्प झाली. वात तिच्या हातातच राहिली. मला वाटते, तिच्याही मनात तोच प्रश्न होता, म्हणूनच ती इतकी हट्टाला पेटली होती. ज्या विहिरीने घर जगवले तिनेच पोर गिळायला तोंड उघडावे, हे तिला सोसत नव्हते.

न्यायाधीशाने पहिली चौकशी केली ती, हे हिरवे आहे तरी काय? आत्या म्हणाली, "शेवाय." दादाने कृषिप्रदर्शनात जनावरांच्या खाद्यासाठी टाक्यात वाढवलेला अझोला पाहिला होता. त्याने "अझोला असंन" असे सांगितले. शेजारी म्हणाले, "घाण हाय, दुसरं काय?" मी पायरीवर बसून हात बुडवला. हाताला शेवाळासारखा बुळबुळीत धागा लागला नाही. बोटांवर तिळाएवढ्या, मसुरेएवढ्या सुट्या सुट्या हिरव्या टिकल्या चिकटून आल्या. प्रत्येक टिकली वेगळी, नीटस, जणू कोणी कातरून काढलेली. तिच्या पोटाशी केसासारखे एकच बारीक मूळ लोंबत होते.

आणि तिथे, विहिरीच्या पाचव्या पायरीवर, मला एकदम लाज वाटली. ज्ञानेश्वरीत मायेचे वर्णन करताना ज्ञानदेवांनी बाबुळीचा दृष्टान्त दिला आहे. पाण्यातूनच उपजते आणि पाण्यालाच झाकून टाकते, ती बाबुळी. हा दृष्टान्त मी वीस वर्षे शिकवतो आहे. फळ्यावर 'बाबुळी : शेवाळ' असा शब्दार्थ लिहून, माया आणि ब्रह्म यांवर पाऊण तास बोलून मी वर्गाबाहेर पडत आलो. पाणी कसे झाकले जाते, ते मात्र मी कधी पाहिले नव्हते. ज्ञानदेवांनी नेमकी कोणती वनस्पती पाहिली असेल ती असो. त्यांनी काठावर उभे राहून काहीतरी पाहिले होते, आणि मी फक्त शब्दकोश पाहिला होता. अमरकोशात शेवाळाला 'जलनीली' असे देखणे नाव आहे. कालिदासाने वल्कले नेसलेली शकुंतला शेवाळाने वेढलेल्या कमळासारखीच शोभते असे म्हटले आहे. हे सगळे मला ठाऊक होते. शकुंतलेच्या गाडीतून मी या गावी शंभर वेळा आलो होतो. पण हातातल्या टिकलीला काय म्हणावे, हे मला सांगता येईना.

निकाल मी असा दिला : दिवाळीपर्यंत विहीर बुजवू नये. तोवर तिची सफाई करावी. धावेच्या बाजूला आणि पायऱ्यांच्या तोंडाशी काटेरी फांद्या टाकून वाट बंद करावी. दादाने मान हलवली. "दिवाळीपर्यंतच."

दुसऱ्या दिवशी आम्ही जुने लुगडे दोन्ही टोकांना धरून पाण्यावरून ओढले. हिरवी साय गोळा होऊन येई, ती पाटीत भरायची. दुपारपर्यंत आठ-दहा पाट्या निघाल्या. शेजारणीच्या कोंबड्यांनी त्या ढिगावर ताव मारला. शेवटी पाणी उघडे झाले. आत्याला धरून काठापर्यंत आणले. ती वाकून पाहत राहिली. मग म्हणाली, "आभाय दिसलं रे बापू."

अंजनगाव तालुक्यातल्याच शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी गाडगेबाबांचा जन्म झाला. खराटा हाती धरून गावेच्या गावे झाडणाऱ्या त्या महापुरुषाच्या तालुक्यात आपणही काही झाडले, अशा समाधानात मी पुण्याला परतलो. येताना औषधाच्या एका रिकाम्या बाटलीत थोड्या टिकल्या तेवढ्या बरोबर आणल्या.

पंधराव्या दिवशी दादाचा फोन आला. "इहीर पुन्हा हिरवी होऊन रायली."

मी बाटली घेऊन आमच्या वनस्पतिशास्त्राच्या सहकाऱ्यांकडे गेलो. त्यांनी काचेच्या बशीत टिकल्या ओतल्या, भिंग लावले आणि लहान मुलासारखे खूश झाले. "सर, हे शेवाळ नव्हे. अझोलाही नव्हे, अझोला हा नेच्याच्या जातीचा, त्याला फूल कधी येत नाही. ही फुलझाडे आहेत!" मग त्यांनी एकेक दाखवले. एक मुळी असलेली ती लेम्ना. पोटाखाली जांभळी झाक आणि मुळांचा झुपका असलेली ती स्पायरोडेला. या दोघींच्या मधूनमधून रव्याच्या कणाएवढे हिरवे ठिपके होते. त्यांना मूळ नाही, खोड नाही, पान म्हणावे असेही काही नाही. ती वुल्फिया. जगातल्या सर्व फुलझाडांत हिच्याएवढे लहान झाड नाही. हिला फूल येते, पण क्वचित, आणि ते पाहायला सूक्ष्मदर्शक लागतो. दिल्ली विद्यापीठातले सतीशचंद्र माहेश्वरी १९५०च्या दशकात या कणांच्या मागे लागले आणि त्यांच्या अभ्यासाने मोठे नाव मिळवून गेले. थायलंडात हीच वुल्फिया 'खाई नाम', म्हणजे पाण्याची अंडी, म्हणून चवीने खातात. वाळवली तर तिच्यात कडधान्याच्या तोडीची प्रथिने असतात. कोंबड्या का तुटून पडल्या ते मला उमगले.

"पण पंधरा दिवसांत पुन्हा कशी आली?"

"तुम्ही सगळी काढलीत?"

दगडांच्या फटींत ओंजळभर राहिली असेल, असे मी सांगितले. ते हसले. "या बियांची वाट पाहत नाहीत. एका टिकलीच्या कुशीतून दुसरी फुटते, ती सुटी होते, तिच्या कुशीतून तिसरी. आपल्याकडच्या एका वुल्फियाची जात सुमारे तीस तासांत दुप्पट होते. तुमच्या विहिरीत अडीच दिवस धरा. पंधरा दिवसांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे एका ओंजळीच्या ६४ ओंजळी. आणि सर, एक ध्यानात ठेवा. ज्या दिवशी निम्मी विहीर उघडी दिसेल, त्या दिवशी अजून पुष्कळ वेळ आहे असे तुम्हाला वाटेल. वेळ अडीच दिवसांचाच असतो."

"मग उपाय?"

"तिला खायला कोण घालते ते शोधा. नुसत्या स्वच्छ पाण्यावर ही इतकी माजत नाही. तिला नत्र हवे, स्फुरद हवे. शेण, मूत, साबणाचे पाणी, मोरीचे पाणी. बांगलादेशात मिर्झापूरला एका इस्पितळाचे सांडपाणी १९९०च्या सुमारापासून हिच्याच साहाय्याने शुद्ध करीत आले आणि तीच माशांना खाऊ घातली. ती घाण खाते म्हणून तिथे येते, सर. घाण करीत नाही. वर दाट थर बसला की मात्र खाली उजेड जात नाही, हवा जात नाही, आणि पाणी गुदमरते."

मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा अंजनगावला गेलो तो थेट मोरीशी. दादाला वाटले, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. मी न्हाणीघरात बादलीभर पाण्यात लग्नाच्या रांगोळीतला लाल रंग कालवून ओतला. मोरीचे पाणी घरामागच्या शोषखड्ड्यात जात होते. खड्डा केव्हाच तुंबला होता. नळ नव्हता तेव्हा विहिरीतून चार घागरी पाणी घरात यायचे आणि तेवढेच मोरीतून जायचे. नळ आला, मग न्हाणीघर आले, कपडे धुण्याचे यंत्र आले. पाणी पाचपट वापरले जाऊ लागले, पण खड्डा जुनाच राहिला. त्यातून वर आलेले पाणी गोठ्यामागच्या नालीला मिळत होते, आणि नालीची एक फूट विहिरीच्या अंगाला होती. थोड्या वेळाने पायऱ्यांच्या बाजूच्या दोन दगडांमधून फिकट लाल ओघळ उतरू लागला आणि हिरव्या चादरीखाली नाहीसा झाला.

दादा, वहिनी, मी, सगळे त्या ओघळाकडे पाहत उभे होतो. आत्याने विचारले, "काय झालं?" वहिनींनीच तिला सांगितले. आत्या काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपुनच घालत होतो तिच्या तोंडात."

दिवाळीच्या आधीचे तीन दिवस आमच्याकडे फराळाबरोबर खोदकामही झाले. नाली फिरवली, नवा खड्डा विहिरीपासून दूर उताराला घेतला, दगडांच्या सांधी सिमेंटने भरल्या. पुन्हा लुगडे ओढले. या वेळी आठ दिवसांच्या अंतराने तीनदा ओढायचे असे ठरवले, आणि ते दादाने पाळले. धावेच्या बाजूला त्याने कमरेइतकी भिंत घातली आणि विहिरीवर लोखंडी जाळी बसवली. मुरूमवाल्याला दिलेला विसार बुडाला, त्याबद्दल तो मला अजून बोलतो. विहिरीचे पाणी पिण्याला लावलेले नाही, आणि लावूही नये. पण घरामागे संत्र्याची चार झाडे आणि आत्याच्या हट्टाचा एक नागवेलीचा वेल आता त्यावर पोसतो आहे.

सगळे निर्मळ झाले असे मात्र समजू नये. उन्हाळ्यात आत्याचा फोन आला होता. "चार टिकल्या फिरत रायतेत काठानं. रोज गाळणीनं काढते सूनबाई, कोंबड्यांले टाकते." मी विचारले, "वैताग नाही येत?" ती म्हणाली, "येऊ दे. टिकल्या वाढल्या की समजते, मोरी कुठंतरी फुटली."

यंदा ती ओवी शिकवताना मी बाटली वर्गात नेली. मुलांनी ती हातोहात फिरवली. मायेचे विवेचन नेहमीसारखेच झाले, कदाचित थोडे कमी. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा आला. लातूरकडचा, एरवी तोंड न उघडणारा. म्हणाला, "सर, आमच्या आजोबांच्या विहिरीवर हेच आहे. घरचे म्हणतात, यंदा बुजवायची."

"दिवाळीला गावी जाणार आहेस ना?"

"हो सर."

"मग बुजवण्याआधी एक कर. मोरीचे पाणी कुठे जाते, तेवढे बघून ये."

त्याने ते वहीत लिहून घेतले. ज्ञानेश्वरीच्या तासाची टिपणे संपत होती, त्याच्याच खाली.